द्राक्षाचें कूळ आणि ताटाचें औचित्य

एखाद्या पदार्थाची चव त्याच्या जन्मभूमीमुळें घडते कीं तो पिकविणाऱ्या व विकणाऱ्या माणसांमुळें, हा प्रश्न वरवर पाहतां पाकशास्त्राचा वाटतो. थोडें खोल गेलें कीं तो इतिहासाचा आहे असें दिसूं लागतें, आणि त्याच्याहि तळाशीं न्यायाचा एक प्रश्न दडलेला आढळतो. फ्रान्समधील द्राक्षमद्य, म्हणजे ज्याला आपण आतां सर्रास वाइन म्हणतों तें, या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम साधन आहे; कारण आपलें कूळ आणि गांव बाटलीवर छापून, त्याला कायद्याचें पाठबळ देऊन, जगभर मिरविणारें असें दुसरें पेय क्वचितच सांपडेल.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरांत मद्याचा थेंबहि येत नसेल, आणि तो यावा असा प्रस्तुत लेखकाचा मुळींच आग्रह नाहीं. आपल्या भाषेंत मोहाची, ताडाची, द्राक्षाची अशीं सर्व मादक पेयें 'दारू' या एकाच शब्दाच्या पोटांत जातात. फ्रेंच मनाला ही एकत्र मोट पटत नाहीं. आपल्या ताटांत मीठ, लिंबू आणि कोशिंबीर यांना जशी ठरलेली जागा असते, तशी त्यांच्या ताटाशेजारीं वाइनच्या पेल्याला असते. २०१० सालीं युनेस्कोनें फ्रेंचांचें समारंभाचें भोजन मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदलें, तेव्हां पदार्थ व वाइन यांची जोडी जमविणें हें त्या भोजनाचें एक लक्षण म्हणून सांगितलें गेलें. ही जोडी कशी जमते आणि तिचें मूळ कोठें आहे, याचा विचार न पिणाऱ्यालाहि करतां येण्याजोगा आहे.

या विषयावरील वाङ्मय अफाट आहे, पण त्यांतील बराच भाग स्तुतिपर आहे. स्तुतीच्या बाहेर उभे राहून विचार करणारीं दोन पुस्तकें दोन वर्षांच्या अंतरानें निघालीं. पहिलें रोलां बार्थ यांचें 'मिथॉलॉजी' हें १९५७ सालचें. दुसरें भूगोलज्ञ रोझे दियों यांचें, फ्रान्समधील द्राक्षवेल व वाइन यांच्या इतिहासावरचें, १९५९ सालचें. बार्थ यांचा वाइनवरील निबंध अवघ्या कांहीं पानांचा आहे, तर दियों यांचा ग्रंथ शतकानुशतकांचा धांडोळा घेणारा आहे. एक टीकाकार आणि दुसरा संशोधक. तथापि दोघांचा रोख एकाच समजुतीवर आहे. वाइन ही त्या भूमीला निसर्गानें दिलेली देणगी आहे, हीच ती समजूत.

फ्रेंचांनीं या समजुतीला 'तेरवार' असा एक शब्द दिला आहे. माती, तिच्याखालचा खडक, उताराची दिशा, ऊन, वारा आणि पाण्याचा निचरा या सर्वांचा मिळून जो एक स्थायी गुण त्या जागेला येतो, तो या शब्दानें सांगितला जातो. याचें टोंकाचें उदाहरण बर्गंडी प्रांतांत पाहावयास मिळतें. तेथील क्लो द वूझो हा मळा सिस्टर्शियन पंथाच्या मठवासीयांनीं लावला आणि पुढें त्याला दगडी भिंत घातली. सुमारे पन्नास हेक्टरांचा हा मळा आज जवळ जवळ ऐंशीं मालकांत वांटला गेला आहे. तरी भिंत एक आणि नांवहि एकच. जाणकार मात्र सांगतात कीं, भिंतीच्या आंतहि वरच्या उतारावरचें पीक खालच्या रस्त्याकांठच्या सपाटीपेक्षां सरस असतें. बर्गंडीच्या अशा शेंकडों बारीक तुकड्यांना, ज्यांना तेथें 'क्लिमा' म्हणतात, २०१५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. हें सारें पाहिलें म्हणजे भूमीच बोलते आहे असें वाटणें स्वाभाविक आहे.

दियों यांचा ग्रंथ नेमका येथें हात घालतो. त्यांचें म्हणणें असें कीं, उत्तम द्राक्षमळा उत्तम जमिनीच्या शोधांतून जन्माला येत नाहीं. तो गिऱ्हाईक आणि वाहतुकीची वाट यांच्या आधारानें जन्म घेतो, आणि जमिनीचा गुण मागाहून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमानें, उजेडांत येतो. हा सिद्धांत प्रथम ऐकतांना रुक्ष वाटेल, परंतु इतिहास त्याच्या बाजूनें भरपूर साक्षी देतो. बोर्दोचेंच पाहा. ११५२ सालीं आक्वितेनची एलिनोर हिनें हेन्री प्लँटाजेनेट याच्याशीं विवाह केला. दोन वर्षांनीं तो इंग्लंडचा राजा झाला. आणि १४५३ पर्यंत, म्हणजे तीन शतकें, बोर्दोचें बंदर इंग्रजी राजसत्तेखालीं राहून लंडनला वाइन पुरवीत राहिलें. त्या वाइनची कीर्ति जहाजांनीं वाहून नेली. पुढें ज्या मेदोक भागाला आज सर्वश्रेष्ठ मानतात, तेथील पाणथळ जमीन सतराव्या शतकांत डच कारागिरांनीं चर खोदून कोरडी केली. म्हणजे ज्या खडीच्या निचऱ्याचें आज कौतुक होतें, त्या निचऱ्यालाहि माणसाचा हात लागलेला आहे.

बर्गंडीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १३९५ सालीं तेथील ड्यूक फिलिप यानें आज्ञापत्र काढून गामे नांवाच्या द्राक्षाचे वेल उपटून टाकण्यास फर्माविलें, आणि पिनो या जातीची पाठराखण केली. गामे भरपूर पिके, पण ड्यूकच्या मतें तिनें प्रांताच्या नांवाला कमीपणा येत होता. आज बर्गंडीची तांबडी वाइन म्हणजे पिनो असें समीकरण झालें आहे, आणि तें आपणांस निसर्गसिद्ध वाटतें. त्याच्या मुळाशीं राजाज्ञा आहे. हांकलून दिलेली गामे दक्षिणेकडील बोझोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर रुजली आणि तेथें तिनें स्वतःचें नांव कमावलें. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं बोर्दोच्या मळ्यांची जी पांच पायऱ्यांची प्रतवारी झाली, ती दलालांनीं बाजारभावांच्या आधारें केली. १९७३ सालीं मुतों या मळ्याला पहिल्या पायरीवर चढविण्यांत आलें, याखेरीज त्या उतरंडीला फारसा धक्का लागलेला नाहीं.

तथापि दियों यांचा सिद्धांत जेथें संपतो तेथें एक शंका उरते. नदी, बंदर आणि बाजार यांनीं बोर्दो कां, याचें उत्तर दिलें. परंतु एकाच भिंतीच्या आंत, एकाच मठाच्या हाताखालीं, एकाच बाजारासाठीं पिकलेल्या दोन तुकड्यांच्या चवींत अंतर कां, याचें उत्तर बाजार देऊं शकत नाहीं. दियों जमिनीचा गुण नाकारीत नाहींत हें खरें, पण ते त्याला इतकें मागें ढकलतात कीं मठवासीयांनीं शतकानुशतकें त्या उताराकडे लक्ष लावून जें शिकून घेतलें, त्याची किंमत कमी होते. जमीन आपण होऊन बोलत नाहीं हें मान्य. पण ऐकणारा भेटला तर तिच्यापाशीं सांगण्यासारखें कांहींच नसतें, असेंहि नव्हे.

बार्थ दुसऱ्या वाटेनें येतात. ब्रिटिशांना जसा चहा तशी फ्रेंचांना वाइन, असें सांगून ते तिला राष्ट्राचें कुलचिन्ह ठरवितात. ती पिणें हें फ्रेंच असण्याचें जणू प्रमाणपत्र. आणि म्हणूनच १९५४-५५ मध्यें पंतप्रधान असलेले मेंदेस-फ्रान्स चारचौघांत दूध पिऊं लागले, तेव्हां तो लोकांना चमत्कारिक वाटला. पुढच्याच निबंधांत बार्थ अर्धवट भाजलेल्या गोमांसाच्या तुकड्याकडे वळतात, आणि मांस व वाइन या दोहोंच्या मागें रक्ताची एकच पुराणकथा उभी असल्याचें दाखवितात. मांसाबरोबर तांबडी वाइन घ्यावी, या सर्वतोमुखीं झालेल्या नियमाची ही फार मार्मिक मीमांसा आहे. परंतु निबंधाचा खरा डंख शेवटीं येतो. ही वाइन सुंदर असली तरी निर्दोष नाहीं. अल्जीरियांतील वसाहतवाले, जेथील मुसलमानांना तिचा कांहींच उपयोग नाहीं आणि ज्यांना पोटभर भाकरीहि नाहीं, त्यांच्याच भूमीवर तिची लागवड लादतात, असें बार्थ सुनावतात. अल्जीरियांत युद्ध पेटलेलें असतांना हें पुस्तक निघालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दांचें धैर्य कळतें.

या अल्जीरियाचें प्रकरण वाइनच्या उगमकथेंत सहसा सांगितलें जात नाहीं, म्हणून तें येथें थोडें सविस्तर सांगणें प्राप्त आहे. १८६० च्या दशकांत अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्समधील द्राक्षवेलांचीं मुळें पोखरण्यास आरंभ केला, आणि पुढील दोन-तीन दशकांत मळेच्या मळे वाळून गेले. उपाय सांपडला तोहि अमेरिकेंतूनच: तेथील रानटी वेलांचीं मुळें ही कीड सोसूं शकत, तेव्हां त्या मुळांवर फ्रेंच वेलांचीं कलमें बांधण्यांत आलीं. आज फ्रान्सच्या अभिजात भूमींत उभा असलेला बहुतेक वेल कमरेपासून वर फ्रेंच आणि खालीं अमेरिकन वंशाचा आहे. मधल्या टंचाईच्या काळांत अल्जीरियांत लागवड झपाट्यानें वाढली. १९३० च्या दशकांत ती सुमारे चार लाख हेक्टरांपर्यंत पोंचली. तेथील गडद, जोरकस वाइन बोटींनीं येऊन दक्षिण फ्रान्सच्या फिक्या वाइनमध्यें मिसळली जाई, आणि पेल्यांत शिरतांना तिचें कूळ पुसलें जाई. १९६२ सालीं अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि ही कथा हळूहळू मिटली.

टंचाईच्या पाठोपाठ भेसळ आली आणि भेसळीपाठोपाठ दंगे. मनुके भिजवून, साखर घालून, पाणी वाढवून केलेली वाइन बाजारांत इतकी माजली कीं खऱ्या शेतकऱ्याच्या मालाला भाव उरला नाहीं. १९०५ मध्यें फसवणुकीविरुद्ध कायदा झाला, तरी १९०७ सालीं दक्षिणेंतील लांगदोक प्रांतांत लाखों माणसें रस्त्यावर आलीं. नार्बोन शहरीं सैनिकांच्या गोळीबारांत माणसें पडलीं, आणि ज्यांत आसपासच्या शेतकऱ्यांचीं मुलें भरलेलीं होतीं त्या सतराव्या पायदळ पलटणींतील शिपायांनीं बंड केलें. १९११ सालीं शॅम्पेन प्रांतांत, बाहेरचीं द्राक्षें आणून 'शॅम्पेन' म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर चिडलेल्या लोकांनीं आय् या गांवीं त्यांच्या पेढ्या जाळल्या. १९३५ सालीं ज्या कायद्यानें गांवाचें नांव, द्राक्षाची जात, उत्पन्नाची मर्यादा आणि करण्याची रीत यांची सांगड घातली, तो कायदा या सर्व रागाचा वारस आहे. बाटलीवरचें तें नांव वाचतांना आपणांस एखाद्या शांत टेकडीचें चित्र दिसतें. त्या नांवामागें जळलेल्या पेढ्या आणि नार्बोनचा रस्ताहि आहे.

नांव खरें ठरलें म्हणजे चव ठरली काय? तसें मात्र झालें नाहीं. १९७६ सालीं पॅरिस येथें फ्रेंच परीक्षकांनींच नांवें झांकून चव घेतली, तेव्हां तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही वर्गांत कॅलिफोर्नियाच्या बाटल्या पहिल्या आल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्यें निर्गंध तांबडा रंग घालून दिला, आणि त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें. बार्थ म्हणतात तें रक्तवर्णाचें पुराण शिकलेल्या नाकालाहि चकवूं शकतें, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा? कायदा जन्मदाखला देतो. गुणाची हमी देणें त्याच्या हातीं नाहीं.

मग उगमाची परीक्षा कोठें व्हावी? आमच्या मतें ती ताटावर व्हावी, आणि बार्थ व दियों या दोघांचीहि उणीव येथेंच आहे. बार्थ 'वाइन' या एका शब्दाचें पुराण सांगतात; परंतु नान्तचा माणूस केवळ 'वाइन' पीत नाहीं, तो लुआर नदीच्या मुखाजवळची म्युस्काडे पितो, आणि तीहि कालवांबरोबर. ही वाइन हलकी, आंबटसर, तुरटपणा जवळ जवळ नसलेली. कालवांवर लिंबू पिळून जें काम होतें तेंच ती करते. त्याच नदीवर वरच्या बाजूस सांसेर आहे, आणि त्याच्या कुशींतील शाविन्योल या गांवीं शेळीच्या दुधाचें लहान वाटोळें चीज होतें. त्या चीजचा आंबूसपणा आणि सांसेरच्या पांढऱ्या वाइनची धार यांचें सख्य प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे झ्युरा पर्वतांत, पाश्चरच्या आर्बुआ गांवच्या परिसरांत, पिवळी वाइन होते. ती पिंपांत सहा वर्षांहून अधिक काळ, पृष्ठभागावर यीस्टची साय धरून, मुरत राहते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो. त्याच डोंगरांतील गाईंच्या दुधाच्या कोंते चीजबरोबर तिची जोडी जमते. या जोड्या कोणा पंडितानें लावलेल्या नाहींत. एकाच खोऱ्यांतल्या माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच बैठकींत दोन्ही घेतल्यानें त्या एकमेकांना अनुरूप होत गेल्या.

क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें. जें ज्याला साजेसें तें उचित, हा त्याचा विचार येथें सहज लागू पडतो; मात्र औचित्य म्हणजे घोकलेला नियम नव्हे, हेंहि त्याबरोबर घ्यावें लागतें. मांसाबरोबर तांबडी आणि माशाबरोबर पांढरी, हा नियम पुष्कळदां खरा ठरतो आणि त्याला कारणहि आहे. तांबड्या वाइनमधील टॅनिन लाळेंतील प्रथिनांना चिकटतें, त्यामुळें जीभ कच्च्या सुपारीनें यावी तशी तुरट व कोरडी होते; मांसांतील प्रथिनें व चरबी ही तुरटी सौम्य करतात. उलट, माशाबरोबर तांबडी वाइन घेतल्यास जो हिंवस वास उठतो, त्याचें कारण वाइनमधील लोहांश हें असल्याचें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. तिखटाचेंहि असेंच: मद्यार्कानें मिरचीची आग वाढते, म्हणून आपल्या झणझणीत रश्शाशेजारीं जोरकस तांबडी वाइन ठेवणें म्हणजे दोघांचेंहि नुकसान करणें होय. पण खुद्द बोर्दोंत लाम्प्रे नांवाचा सर्पाकृति मासळीसारखा जलचर तांबड्या वाइनमध्येंच शिजवितात आणि तांबड्या वाइनबरोबरच खातात. नियमाच्या माहेरघरींच नियम मोडला आहे, आणि ताट बिघडलेलें नाहीं.

'जें एकत्र पिकतें तें एकत्र शोभतें' ही म्हण करून ठेवण्याचा मोह येथें होतो. तोहि आवरलेला बरा. निळ्या बुरशीचें खारट रोकफोर चीज दक्षिणेंतल्या गुहांत मुरतें, आणि ज्या गोड वाइनबरोबर तें नांवाजलें आहे ती सोतेर्न दूर बोर्दोकडची. येथें खारट व गोड यांच्या विरोधानेंच रस निर्माण झाला. नॉर्मंडीचें चीज जगप्रसिद्ध, पण तेथें सफरचंदाचें पेय चालतें. आज जी कोरडी शॅम्पेन आपण अस्सल फ्रेंच समजतों, ती एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज गिऱ्हाइकांच्या आवडीनें तशी झाली. त्यापूर्वीं ती फार गोड असे. म्हणजे जोडी कधीं सहवासानें जमते, कधीं विरोधानें, तर कधीं दूरदेशच्या पाहुण्याच्या आवडीनेंहि. दियों यांचा बाजार आणि मठवासीयांची भूमि हीं दोन्ही ताटापाशीं एकत्र बसतात.

हा विचार आपल्यापासून वाटतो तितका दूर नाहीं. गांवाच्या नांवावर गांवाचा हक्क असावा, हें तत्त्व १९९४ च्या जागतिक व्यापार करारांत आलें, आणि त्यांत वाइन व मद्यांच्या नांवांना खास संरक्षण मिळालें. त्याच कराराच्या अनुषंगानें भारतानें १९९९ सालीं भौगोलिक निर्देशांचा कायदा केला, आणि २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला त्याखालीं मान्यता मिळाली. परप्रांतीय आंबा देवगडच्या पेटींत भरला गेला म्हणजे कोंकणांतल्या बागाईतदाराला जो संताप येतो, तो १९११ च्या शॅम्पेनमधील शेतकऱ्याला तत्काळ समजला असता. त्याबरोबर हेंहि विसरतां येत नाहीं कीं, ज्या हापूसला आपण कोंकणच्या मातीचें लेकरूं मानतों, तो नांवानें पोर्तुगीज आहे आणि कलमानें वाढलेला आहे. येथेंहि माती आहे, आणि तितकाच माणसाचा हात आहे.

फ्रान्समध्यें १९५६ पर्यंत लहान मुलांनाहि शाळेच्या जेवणांत वाइन मिळे. त्या वर्षीं चौदा वर्षांखालील मुलांसाठीं ती बंद झाली. १९६० च्या सुमारास तेथें माणशीं जितकी वाइन खपे, तिच्या निम्मीहि आज खपत नाहीं. रोजच्या घोटाची जागा निवडक बाटलीनें घेतली, आणि बाटली जितकी निवडक तितकें तिचें कूळ अधिक मोलाचें झालें. अशा वेळीं उगमाची कथा केवळ टेकडी, ऊन आणि मठ एवढ्यावर आटोपती घेण्याचा कल वाढतो, कारण तेवढ्यावर माल विकला जातो. बार्थ व दियों यांचीं पुस्तकें साठ वर्षांहून जुनीं असूनहि वाचावीं लागतात तीं यासाठीं. एकानें त्या कथेंतून वगळलेला अल्जीरियाचा मजूर परत आणला, दुसऱ्यानें खलाशी, दलाल आणि चर खोदणारा परत आणला. त्यांच्या शेजारीं शाविन्योलची शेळी पाळणारी बाई आणि लुआरकांठचा कालवें उघडणारा माणूस यांनाहि बसवावें, म्हणजे फ्रेंच वाइनचें कूळ पुरें सांगितलें जाईल; आणि मग ती आपण प्यालों कीं न प्यालों, याला फारसें महत्त्व राहणार नाहीं.